न वाळणारा ब्रश

ऐक फक्त. मधे बोलू नको, हसू तर अजिबात नको, आन् शेवटाला मी एकच विचारीन, त्याचं उत्तर मात्र खरं दे.

मच्छिंद्रचं सांगतोय. पारनेर तालुक्यातला, उंच, किडकिडीत, मिसरूड आत्ता कुठं फुटलेलं. न्हाव्याचं पोर. त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला तेव्हा तो भिंगारला आला, रंगनाथमामाच्या सलूनमध्ये. आता तू म्हणशील, गाव का सोडलं? अरे, गावात खळंच झालं नाही तर न्हाव्याला बलुतं कुठून मिळणार? लोकच मिलोच्या, त्या रेशनवरच्या अमेरिकी ज्वारीच्या, लाल भाकरी खाऊन दिवस ढकलत होते. मच्छिंद्र पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेला. हातोडा मारून मारून उजवा हात असा झाला की पेला धरला तरी पाणी हिंदकळायचं. त्याच हातानं एकदा शेजारच्या म्हाताऱ्याची दाढी करायला घेतली, वस्तरा कानाखाली टेकवला, तर पातं थरथरायला लागलं. म्हातारा डोळे मिटून बसलेला, त्याला पत्ताच नाही. मच्छिंद्रनं वस्तरा मिटला, काहीतरी सबब सांगितली आन् त्याच आठवड्यात मामाकडं निघून आला. न्हाव्याचा हात एकदा गेला की गेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आन् यायला नकोही होतं.

मामाचं दुकान लष्कराच्या क्यांपाच्या रस्त्याला. पत्र्याचं. एक खुर्ची, एक आरसा, मागं फुलाफुलांचा पडदा आन् पडद्यामागं बाज, चूल, तेच मामा-मामीचं घर. मामा म्हणजे गडगड्या माणूस, पोट सुटलेलं, बोलायला लागला की आरसा हलायचा. त्याच्या दुकानात दोन रिती पक्क्या. एक, दारात माठ भरलेला पाहिजे, येणाराजाणारा कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. दुसरी, त्याच्या बापापासूनची. दुकान उघडलं की पहिली दाढी घरच्याची. खुर्ची आधी घरच्या माणसानं बसून ऊबवायची, मग गिऱ्हाईक. आन् नवं हत्यार आलं, वस्तरा असो, कात्री असो, ते आधी कर्त्या माणसावर चालवायचं. गिऱ्हाइकावर आजमावायचं नाही. म्हणून रोज सकाळी मामा खुर्चीत बसायचा आन् मच्छिंद्र त्याची दाढी करायचा. खुंट वाढलेले असोत नसोत.

मच्छिंद्रचा हात हळूहळू बसायला लागला होता. तेवढ्यात पाण्यानं मान टाकली. नळ आधी दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, मग नुसता फुसफुसायचा. टँकर आला की बायका हंडे घेऊन पळायच्या. मामी दोन हंडे आणायची, त्यातला एक घरात, एक दुकानात. आता एका हंड्यात माठ भरायचा, वाट्या धुवायच्या, तोंडं भिजवायची, टॉवेल पिळायचे. कसं जमायचं?

एक दिवस मामा म्हणाला, "मच्छ्या, ह्या अमावस्येपातुर बघतो. न्हाई जमलं तर दुकानाला कुलूप. मी आन् तुजी मामी तिच्या म्हायेरी जाऊ कोपरगावला. तू गावाकडं जा."

"गावाकडं जाऊन काय करू मामा?"

"सगळी करत्यात ते."

म्हणजे खडी. मच्छिंद्रनं आपला उजवा हात बघितला.

पण डोकं चालायला लागलं गड्याचं. त्याला सवयच होती ती, कुठल्याही गोष्टीची परीक्षा घेऊन बघायची. त्यानं हिशोब मांडला, की पाणी सगळ्यात जास्त जातं कुठं? ब्रशात! दुकानातला ब्रश डुकराच्या केसांचा. राठ. त्याला आधी वाटीत भिजत ठेवायचा, तरी तो फेस करताना परत पाणी मागायचा, आन् केलेला फेस हनुवटीपर्यंत पोचेस्तोवर कानाजवळचा वाळून पापडी व्हायची. परत वाटी. परत पाणी. मग थोडक्या पाण्यात भागवणारा ब्रश मिळाला तर?

म्हणून तो जुन्या बाजारात छगनकडं गेला. छगन क्यांपातनं बदली होऊन जाणाऱ्या साहेब लोकांचं सामान विकत घ्यायचा. बूट, कंदील, कपबशा, काय वाट्टेल ते. त्यानं बिस्किटाचा एक डबा पालथा केला. तीन ब्रश बाहेर आले.

"ह्ये बघ. गोऱ्यांच्या टायमाचे. वापर, आवडंल त्यो ठिव, बाकीचे आनून दी."

"कशाचे केस हायेत?"

"मला काय म्हाईत? मी काय दाढी करतो व्हय?" छगन आपल्या छातीपर्यंतच्या दाढीवरनं हात फिरवत म्हणाला.

तिन्ही ब्रश मच्छिंद्रनं फळीवर ओळीनं उभे केले. एकाची मूठ काळ्या शिंगाची. एकाची निकेलची, चकचकीत. तिसऱ्याची हाडाची, पिवळट पडलेली, अंगठा टेकतो तिथं खड्डा पडलेला, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला. तिन्हीचे केस एकाच जनावराचे दिसत होते. बुडाला फिके, मधे काळा पट्टा, टोकाला पांढरे. पण हाडाच्या मुठीच्या ब्रशाची टोकं नुसती पांढरी नव्हती रे, दुधाची साय असते ना, तशी. बोट लावलं तर बोट कुठं संपलं आन् केस कुठं लागले ते कळेना.

मग ह्यानं परीक्षा सुरू केली. साबणाची वडी तीच, पाणी तेवढंच, पळीभर. आपल्याच पोटरीवर फेस काढून बघायचा. शिंगाच्या मुठीवाल्यानं फेस बरा दिला, पण टोचत होता, पोटरी लाल झाली. निकेलवाला मऊ, पण साबण गिळून बसायचा, आन् फिरवला की दोनचार केस कातडीला चिकटून राहायचे. हाडवाल्यानं पळीतलं पाणी एकदा घेतलं आन् जो फेस दिला! घट्ट, थंडगार. पोटरी झाली, दुसरी पोटरी झाली, दोन्ही हात कोपरापर्यंत झाले, तरी आपला फेस येतोच आहे. मच्छिंद्र खुळ्यासारखा हसायला लागला.

पुढची परीक्षा वाळण्याची. कारण ओला ब्रश तसाच राहिला तर कुजतो, वास मारतो. त्यानं तिन्ही ब्रश झटकून पत्र्यावर ठेवले. उन्हाळ्यातला पत्रा, पापड भाजावा असा. चहा पिऊन येतो तर शिंगवाला वाळलेला. निकेलवाला जेवणाच्या आत वाळला. हाडवाला ऊन कलेपर्यंत पत्र्यावर होता. उचलला आन् चिमटीत दाबला, तर बोटांच्या फटीतनं पाणी मनगटावर आलं.

नवल वाटलं त्याला. भीती नाही हां, नवल. एखादी चांगली गोष्ट हाताला लागल्यावर वाटतं तसं.

त्याच दिवशी सूर्यभान दाढीला आला होता. हा म्हातारा पूर्वी क्यांपात साहेबाचा नोकर होता, साहेबाचं दाढीचं पाणी तापवून द्यायचा. फळीवरचा ब्रश बघून तो खुर्चीतनं उठलाच.

"ह्यो कुठं घावला तुला?"

"छगनकडं. कशाचा हाय बाबा?"

"ब्याजर म्हणत्यात त्याला. इलायतेतलं जनावर. आपल्याकडचं मसण्याउद बघ, त्या जातीचं. बीळ करून ऱ्हातं. माती उकरतं लई." म्हातारा ब्रशाकडं वाकला, हात मात्र लावला नाही. "आमच्या सायबाकडं बी व्हता. दुसरा व्हता, ह्यो न्हवं. त्यो वाळायचा."

"म्हंजे ह्यो तुमी पयलं बघितला हाय?"

"मी कुठं म्हनलं?" असं म्हणून सूर्यभान परत बसला आन् म्हणाला, "मला आपला डुकराच्या केसाचा लाव. सवय हाय."

मामानं मसण्याउदाचं नाव ऐकलं आन् डोळे वटारले. "मढी उकरनाऱ्या जनावराचे केस गिऱ्हाइकाच्या तोंडाला? दे फेकून!"

"मामा, इलायतेतलं जनावर हाय त्ये. आपलं न्हवं. आन् बघा तर, पळीभर पाण्यात चार दाढ्या व्हतील."

"चार?"

"चार काय, मोजत गेलो न्हाई म्हनून."

मामानं हंड्याकडं बघितलं. अमावस्या जवळ आलेली. मग त्यानं खुर्चीत बसकण मारली आन् मान मागं टाकली. "लाव मग. नवं हत्यार हाय, पयलं माज्यावर चालव."

मच्छिंद्रनं लावला. मामाचे डोळे आपोआप मिटले. "आईशप्पत," मामा पुटपुटला, "गायीचं वासरू चाटल्यावानी लागतंय रे." दाढी झाली, तोंड पुसलं, मामा उठला, आन् सरळ माठाकडं गेला. एक तांब्या प्याला. दुसरा प्याला. मिशी पुसत म्हणाला, "जमलं भाचे. दुकान राह्यलं."

आन् राह्यलंच. अमावस्या आली, गेली. हंड्यातलं पाणी दाढीला लागेनासंच झालं. सकाळी पळीभर पाणी, आन् पुढं पुढं तर तेही नाही. ब्रश आपला वल्लाच. साबणावर फिरवला की फेस. क्यांपातले जवान यायला लागले, बाजारातले यायला लागले. "त्यो मऊ बुरूस लाव," म्हणायचे. खुर्ची रिकामी राहीना. मच्छिंद्रचा हात असा बसला की वस्तरा गळ्यावरनं फिरायचा तेव्हा माणूस घोरायचा.

तरी हंडा पुरत नव्हता. हे त्याला उशिरा लक्षात आलं. दाढीला पाणी लागत नाही, मग जातं कुठं? तर माठातनं. दाढी झालेला प्रत्येक माणूस उठायचा, आरशात बघायचा, आन् म्हणायचा, "पानी हाय का रे?" उन्हाळा, दुष्काळ, तहान कुणाला नसते? म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मच्छिंद्रला वाटलं. त्यानं मग परीक्षा घेतली. चार जणांना हाडवाला ब्रश लावला, चार जणांना डुकराचा. डुकरावाले पैसे देऊन गेले. हाडवाले चारही माठापाशी.

त्यानं मामाला सांगितलं. मामा हसला. "अरे, गुळगुळीत दाढी झाली की मानसाला लगीन झाल्यावानी वाटतं, घसा सुकतो!"

पण मामा हसताना त्याचे ओठ उकलले होते. भेगा पडल्या होत्या.

आता ऐक हां, इथनं पुढं नीट ऐक.

एका सकाळी रोजची, त्याच ब्रशाची पहिली दाढी करताना मामा बोलता बोलता हलला आन् वस्तरा हनुवटीखाली लागला. चांगला लागला, मच्छिंद्रच्या हाताला कळलं. त्यानं झटकन तुरटी उचलली. आन् तशीच हातात धरून उभा राहिला. कातडी उकललेली दिसत होती. आत पांढरं. भोपळा चिरल्यावर दिसतं तसं. रक्त नाही. एक टिपूस नाही.

"लागलं का रे?" मामानं विचारलं.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

त्या दिवसापासनं तो मामाकडं बघायला लागला. दुपारी पत्र्याखाली सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटायचे, गिऱ्हाइकांच्या मानेवरनं घामाचे ओघळ यायचे. मामाचा सदरा कोरडा. खडखडीत. मामी पडद्यामागं बसून कांदा चिरायची, स्वतः डोळे पुसायची, शेजारी बसलेला मामा तिच्याकडं नुसता बघायचा, डोळ्यात ओल नाही. पोट उतरलं. आवाज उतरला. हाताची कातडी मामीनं एकदा चिमटीत धरली तर ती तशीच उभी राहिली, तंबूसारखी.

डॉक्टर म्हणाले ऊन बाधलंय. सलाइन लावलं. बाटली रिकामी झाली. दुसरी लावली, तीही झाली. मामा बाजेवर तसाच, पान वाळावं तसा. पाणी पाजलं तर ओठाच्या कोपऱ्यातनं बाहेर यायचं, किंवा पोटात जाऊन तसंच उलटून पडायचं. मामी देवाचा धावा करत होती. शेजारणी येऊन बघून जात होत्या आन् दारात गेल्यावर हळू आवाजात बोलत होत्या.

मच्छिंद्रनं ब्रश उचलून बघितला. जड होता. छगनकडनं आणला तेव्हा पिसासारखा होता. आता भरल्या लोट्यासारखा हाताला ओढत होता.

दुपारची वेळ. मामी देवळात गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मच्छिंद्र बाजेपाशी बसला होता, हातात ब्रश. मामानं डोळे उघडले. बघितलं. मच्छिंद्रकडं नाही, ब्रशाकडं.

"पीळ," मामा म्हणाला.

"काय मामा?"

"तोंडात. पीळ."

मरताना माणसाच्या तोंडात पाणी घालतात, गंगेचं, तुळशीच्या पानानं. मच्छिंद्रला तेच आठवलं. आन् हे पाणी कशाचं? त्यानं मान हलवली. मामानं नुसतं तोंड उघडलं. जीभ काळी पडली होती.

त्यानं पिळला.

एक थेंब पडला. पाण्यासारखं पाणी. मामानं तो जिभेवर घोळवला, गिळला, आन् बोलला, "गहिनीनाथ."

गहिनीनाथ म्हणजे टांगेवाला. सकाळीच ह्याच ब्रशानं दाढी करून गेलेला.

दुसरा थेंब. "ह्यो क्यांपातला. सरदारजी न्हाई, दुसरा. काळा."

तिसरा. "मास्तर."

मच्छिंद्रचा हात थांबत नव्हता. थेंब पडत होते, मामा चव घेत होता, नाव सांगत होता. ओळखीची नावं. बाजारातली, गल्लीतली. मग थेंब पडला आन् मामा थांबला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोन हाय?" मामा म्हणाला. "ह्येला मी वळकत न्हाई. लई लांबचा हाय. थंडी हाय तिकडं."

पण तोही गिळला.

संध्याकाळी मामा उठून बसला. मामीनं देवाला नारळ फोडला.

तुला वाटलं संपलं. मच्छिंद्रलाही वाटलं. त्यानं ब्रश एका फडक्यात गुंडाळून पेटीत टाकला, गिऱ्हाइकांना डुकराचाच लावायला लागला. लोक कुरकुरले, पण करून घ्यायचे. आन् मामा रोज दुपारी हाक मारायचा. "मच्छ्या." एवढंच. मग पेटी उघडायची, ब्रश काढायचा, पिळायचा. साधं पाणी मामाला चालेना. हेच पाणी. हे दिलं की घाम यायचा, डोळे ओले व्हायचे, बोलायचा, हसायचा. अगदी आपला मामा.

पण भरला जात नव्हता ना ब्रश आता. हलका व्हायला लागला. एक दिवस मच्छिंद्रनं पिळला तर थेंब यायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी आलाच नाही. पहिल्यांदाच त्याचे केस सुटे झाले. पांढरी टोकं पिसारली. वाळला होता.

दोन दिवसांत मामाच्या ओठांना परत भेगा.

मग मच्छिंद्रनं काय केलं? आरशापुढं बसला. त्यानं स्वतःच्या तोंडाला लावला ब्रश. दाढी असून नसल्यासारखी, तरी सगळ्या तोंडावर, गळ्यावर, कपाळावरसुद्धा फिरवला. थंडगार लागत होता. डोळे मिटावेसे वाटत होते. थांबला तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती. आन् ब्रश वल्ला झाला होता.

पळत पडद्यामागं गेला. "मामा, तोंड उघडा."

मामानं वास घेतला. आन् ओठ घट्ट मिटले.

"मामा!"

मामानं मान फिरवली. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "तुजं हाय त्ये."

"असू द्या की."

"भाचा हायेस तू. मामानं भाच्याला द्यायचं असतं. भाच्याचं घेत्यात व्हय? कुठल्या नरकात जागा मिळंल मला?" बोलायला दम नव्हता, तरी बोलला. "तुजं न्हाई. मेलो तरी न्हाई."

तुला माहीत आहे आपल्याकडं कसं असतं. भाच्याच्या पाया पडणारी माणसं आपण. मच्छिंद्र रडला, हातापाया पडला. मामानं दात उघडले नाहीत. मामी आली, तिनं ब्रश हातात घेतला, काय ते तिला समजलं की नाही कुणास ठाऊक, पण आपल्या गालाला लावायला गेली. मामा बाजेवरनं गरजला. एवढ्या वाळलेल्या गळ्यातनं कसा आवाज निघाला देव जाणे. "घरचं न्हाई!"

घरचं नाही. म्हणजे बाहेरचं.

हे मामा बोलला नाही. मच्छिंद्रला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मामाला बोलताही येईना. श्वास तेवढा चालू. पडद्यामागनं त्याचा आवाज यायचा, कागद चुरगाळावा तसा. मामी उशाशी बसून होती. तिनं तुळशीचं पान आणून ठेवलं होतं, वाटीत. वाटीला हात लावत नव्हती.

आन् दारात सावली पडली.

बन्सी नाव त्याचं. हे त्यानं खुर्चीत बसता बसता सांगितलं. दुष्काळी कामावर होता, खडी फोडायला. पापण्यांवर पांढरी धूळ, बोटांना फडकी बांधलेली. ओठ सोललेले. पण खुशीत होता गडी. उद्या पोरगी बघायला जायचं होतं, शेवगावकडं.

"लई लांबनं आलोय बरं का," तो म्हणाला. "आमच्या मुकादमानं सांगितलं, भिंगारला एक मऊ बुरूस हाय. त्योच लाव. आमच्या तोंडाला आयुष्यात बुरूस म्हाईत न्हाई, निस्तं पानी लावून खरडत्यात."

मच्छिंद्रनं त्याच्या गळ्याला टॉवेल गुंडाळला. त्याच्या फडक्यातल्या हाताकडं बघितलं. खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला तो उजवा हात थरथरत होता.

पडद्यामागचा आवाज बंद झाला.

श्वास थांबला असं नाही. मामा कान देऊन ऐकायला लागला.

मग एक बारीक आवाज आला. जीभ ओठांवरनं फिरवल्याचा. मामीनं पडदा बोटभर सरकवला आन् मच्छिंद्रकडं बघितलं. 

फळीवर दोन ब्रश. डुकराच्या केसांचा, राठ, वाटीत भिजत ठेवलेला. आन् शेजारी हाडाच्या मुठीचा. कालचं मच्छिंद्रचं पाणी त्याच्यात होतं अजून, पण थोडंच, टोकं सुटायला लागलेली.

बन्सीनं मान मागं टाकली. डोळे मिटले. गळा वर आला, धुळीचा, त्यावर तहानेची गाठ खालीवर होत होती.

"लाव की भाऊ," तो म्हणाला.

मच्छिंद्रचा हात फळीकडं गेला. दोन्हींच्या मधोमध. पडद्यामागं कुणी श्वास घेत नव्हतं.

आता सांग. तू असतास त्या जागी, तर कुठला उचलला असतास?